बार्लीणबाईच्या पायरीवरचा बर्फ

चिखल्याच्या खाण कॉलनीत पंचफुलाबाईशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. नळावर तिचं भांडण, रेशनच्या रांगेत भांडण, दवाखान्यात कंपाउंडरने औषधाची पुडी हातात न देता टेबलावर टाकली म्हणून भांडण. नवरा चिंधू खाणीतून काळाठिक्कर होऊन यायचा आणि घरात पाय टाकण्याआधी शेजारच्याला विचारायचा, "आज कोनासंगं?" लोक तिला भांडखोर म्हणत आणि त्यात काही खोटं नव्हतं. फक्त ती कशावरून भांडते याकडे कुणी नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं की निम्म्याहून जास्त भांडणं दारावरून होती.

तिचं माहेर साकोली तालुक्यातलं एकोडी. धानाचं गाव. तिची आई मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी धान कांडायला जायची, आणि त्या घरात गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी वेगळं दार होतं. मागचं, गोठ्याच्या बाजूचं, उकिरड्याला लागून. पंचफुला सात-आठ वर्षांची असताना एकदा त्या वाटेवर नुकतीच व्यालेली मारकी म्हैस बांधलेली होती. पोर घाबरली आणि वळसा घालून समोरच्या दाराने आत गेली. मग अंगणभर पाणी ओतलं गेलं, मालगुजारणीने आकाशपाताळ एक केलं. ते सगळं ती पुढे विसरली. विसरली नाही ती आईची थप्पड. आईने सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली आणि मालगुजारणीपुढे हात जोडले. पोरीला मालगुजारणीचा राग आला तो कमी, आईचा आला तो जास्त.

छप्पन साली ती आणि चिंधू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. इश्वर तेव्हा बारा वर्षांचा होता, त्यालाही पांढरा सदरा घालून नेलं होतं. बाकीच्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, हिने मनातल्या मनात एक जास्तीची घेतली: आता कुणाच्या मागच्या दाराने जायचं नाही. आणि ती तिने अशी पाळली की घरच्यांना जीव नकोसा झाला. ट्रकांचा ठेका असलेल्या भैय्यालाल ठेकेदाराच्या पोरीचं लग्न होतं. कॉलनीतल्या लोकांची पंगत मागच्या परसात मांडली होती. चिंधूने पहिला बुंदीचा लाडू अर्धा खाल्ला होता, तेवढ्यात हिच्या ध्यानात आलं की समोरच्या मांडवात दुसरी पंगत बसली आहे. तिने नवऱ्याला दंडाला धरून पानावरून उठवलं. चिंधू बिचारा त्या अर्ध्या लाडवाचं दुःख मरेपर्यंत सांगत असे.

असल्या घरातून इश्वर शिकला. शिष्यवृत्तीवर नागपूरला बीएस्सी झाला आणि अडुसष्ट साली इंग्लंडात शेफील्ड नावाच्या गावी, पोलादाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. त्याच्या पहिल्याच पत्रात बर्फ होता. आभाळातून कसा पडतो, आवाज कसा होत नाही, सकाळी उठावं तर सगळं गाव कसं पांढरं. चिंधूने ते पत्र शेजारच्या मास्तरकडून तीनदा वाचून घेतलं. खाणीच्या काळ्या धुळीत ज्याचा जन्म गेला त्याला ते पांढरं काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईना. "म्हन्जे चुन्यावानी का मिठावानी?" असं तो विचारत राहिला आणि एकाहत्तर साली छातीच्या दुखण्याने गेला.

मग बर्फ पंचफुलाबाईच्या वाट्याला आला. नळावर तिने सांगून टाकलं की मी जाणार, पाहणार आणि येऊन सांगणार. शेजारची पार्वताबाई तिची जुनी वैरीण. ती म्हणाली, "बर्फ पाहाले कायले एवढ्या दूर जाऊन राहिली वो? भंडाऱ्याले जाय, आइसकांडीवाल्याच्या पेटीत हाय." बाया खो-खो हसल्या. पंचफुलाबाईची घागर भरली नव्हती, तरी ती तशीच उचलून निघाली. त्या दिवसापासून बर्फ बघणं हे मौजेचं काम राहिलं नाही, ती तिच्या अब्रूची गोष्ट झाली.

सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात इश्वरने तिकीट पाठवलं. नात्यातला परसराम तिला मुंबईच्या विमानतळावर सोडून आला. सोबत तिने जवसाची चटणी, मोहाची वाळलेली फुलं आणि भंडाऱ्याच्या एका मास्तरीण मुलीचा फोटो घेतला होता. इश्वर तेहतीस वर्षांचा घोडा झाला तरी लग्नाचं नाव काढत नव्हता. आलेली प्रत्येक सोयरीक त्याने पत्रातूनच मोडली होती. फोटो पाहून तो म्हणाला, "पाहू, माय," आणि तो पुस्तकात ठेवून दिला. पंचफुलाबाईने ओळखलं की हेही गेलं.

घर विटांचं, काळवंडलेलं, दुमजली. खाली घरमालकीण, वर इश्वरच्या दोन खोल्या. मालकिणीचं नाव मिसेस बार्लो. पाटलाची पाटलीण तशी बार्लोची बार्लीण, पंचफुलाबाईने पहिल्याच दिवशी नाव ठेवून मोकळं केलं. बार्लीणबाई साठीच्या पुढची, विधवा, ओठ इतके पातळ की आहेत का नाहीत ते कळू नये. तिच्याजवळ एक मांजर होतं आणि ती जगात फक्त त्याच्याशीच गोड बोलायची. जिना उतरलं की फुलाफुलांच्या गालिच्याची लांबट ओसरी, तिच्या एका टोकाला रस्त्यावर उघडणारं काचेचं दार, दुसऱ्या टोकाला मागच्या आवारात उघडणारं लाकडी दार, जिथे कचऱ्याचे डबे आणि कोळशाची कोठी. वरच्या खोल्यांच्या खिडक्यांतून शेजारच्या घराची विटांची भिंत दिसायची, आणखी काही नाही. गाव कसं आहे ते बघायचं तर खाली उतरूनच बघावं लागे.

आता पंचफुलाबाईला पहाटे चारला जाग येणार ती येणारच, आणि जाग आल्यावर दारापुढे सडा टाकल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. तिथे शेण कुठलं मिळायला! तिने साधं पाणी घेतलं. पातेलं घेऊन खाली उतरायचं, काचेच्या दाराची खिटी काढायची, तीन दगडी पायऱ्या झाडायच्या आणि पसापसाने पाणी शिंपडायचं. इश्वरला कळलं तेव्हा तो म्हणाला, "टाक, पन म्हातारी उठाच्या आंधी टाकत जाय." मालकिणीची झोप मोडू नये म्हणून म्हणतो, पोराला माणसाची कदर आहे, असं तिला वाटलं.

बर्फाचा मात्र पत्ता नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. पाऊस पडायचा, तोही धड नाही, रडक्या पोरासारखा दिवसभर. इश्वर रोज रेडिओ ऐकून सांगायचा, "आज नाई." तिसऱ्या महिन्यात ती त्याच्यावर उखडली, "तुह्या चिठ्ठ्याच खोट्या. नऊ वर्स बापाले, मले बनवून राहिलास."

डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री थंडी अशी पडली की खिडकीच्या काचेवर आतून पांढरी पापडी धरली. पंचफुलाबाई नेहमीसारखी उठली, पातेलं घेऊन खाली गेली, सडा टाकला. जरा जास्तच टाकला, कारण त्या दिवशी पौर्णिमा होती. वर येऊन पोराचा डबा केला. आठ वाजता बार्लीणबाई दुधाच्या बाटल्या उचलायला समोरच्या दारातून बाहेर आली, तिचा पाय पहिल्याच पायरीवरून सटकला आणि ती तिन्ही पायऱ्यांवरून खाली रस्त्यावर आली.

आरोळी ऐकून पंचफुलाबाई जिन्यावरून धावत सुटली. पायऱ्यांवर काच बसवल्यागत काहीतरी चकाकत होतं. ती बसून-सरकून खाली पोचली आणि म्हातारीला उठवायला तिने तिच्या काखेत हात घातला. बार्लीणबाईचं मनगट मोडलं होतं, तोंड वेदनेने वाकडं झालं होतं, तरी तिने दुसऱ्या, चांगल्या हाताने पंचफुलाबाईचा हात झटकून टाकला. साधा झटकला नाही. अंगावर पाल पडावी तसा झटकला. इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या पंचफुलाबाईला तो झटका लगेच कळला. ती भाषा तिला एकोडीपासून येत होती.

संध्याकाळी इश्वरने पायऱ्या पाहिल्या आणि डोक्याला हात लावला. पाणी जिथे पडलं तिथे दगडासारखं गोठलं होतं. "माय, तू आजबी पानी टाकलं?" ती म्हणाली, "रोज टाकतो. आज काहून नाई टाकू?" चूक झाली हे तिला कळलं, वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने मोहाची फुलं घालून गोड भाकरी केली, ताटली झाकून बार्लीणबाईच्या दाराशी ठेवली. ताटली दोन दिवस तिथेच होती. तिसऱ्या दिवशी ती कचऱ्याच्या डब्याजवळ सापडली, भाकरीसकट.

आणि त्याच दिवशी इश्वरने मान खाली घालून सांगितलं की म्हातारीची अट आहे. माय इथे राहू शकते, पण यापुढे समोरच्या दाराने यायचं-जायचं नाही. मागच्या दाराने, आवारातून, बाजूच्या बोळातून.

पंचफुलाबाईने हातातलं पोळपाट खाली ठेवलं. "तू काय म्हनला तिले?"

"काय म्हनू? तिचं हाड मोडलं माय. घर तिचं हाय."

"तू 'हो' म्हनून आलास."

इश्वरने ते पोळपाट उचलून भिंतीशी टेकवलं. तिला त्या क्षणी पोराचा असा राग आला की तो लहान असता तर तिने त्याला फोडून काढलं असतं. तिने एवढंच सांगितलं, "मंग मी बाहीरच जात नाई. मांगच्या दारानं मी जाईन थे मेल्यावर, चौघं नेतीन तवा."

बोलली तसं तिने केलं. सात आठवडे ती त्या दोन खोल्यांच्या बाहेर पडली नाही. इश्वर विनवण्या करी, चल, बाग दाखवतो, मागून निघू, दोन मिनिटांचा तर रस्ता. ती भिंतीकडे तोंड करून बसे. वीस फेब्रुवारीचं परतीचं तिकीट होतं. बर्फ पडला नाही तर पार्वताबाईपुढे कुठल्या तोंडाने जायचं, आणि पडला तर तो बघायला कुठल्या दाराने जायचं, या दोन प्रश्नांनी तिचं डोकं पोखरलं होतं. पहिल्या प्रश्नाला निदान उत्तर तरी होतं: पाहिला म्हणून खोटं सांगायचं.

आठ फेब्रुवारीला पहाटे तिने अंधारातच चहा केला, डबा भरला. सहाला इश्वर जिना उतरला, खाली दार लागल्याचा आवाज आला. सातच्या पुढे उजाडलं तेव्हा ती भांडी विसळत होती. सहज खिडकीकडे नजर गेली. समोरच्या भिंतीच्या प्रत्येक विटेच्या कडेला पांढरी रेघ होती आणि भिंतीच्या माथ्यावर वीतभर जाड, स्वच्छ, नव्या तांदळाच्या पिठाचा थर दिल्यागत काहीतरी पसरलं होतं. वरून अजून बारीक भुरभुर चालूच होती.

पहिल्यांदा तिला आनंद झाला नाही, संताप आला. सहाला पोरगं खाली उतरलं, त्याला हे दिसलं असणारच. नऊ वर्षं ज्याचं वर्णन लिहिलं ते दारात येऊन पडलं आणि चार पायऱ्या चढून आईला सांगायला त्याला फुरसत झाली नाही! का, तर आई समोरच्या दाराकडे धावेल. "थांब तू, संध्याकाडी ये घरी," असं मोठ्याने म्हणत तिने लुगड्यावर इश्वरचा जुना कोट चढवला, दोन लोकरी मोजे एकावर एक घातले, त्यात त्याचे जुने बूट. आणि ती जिना उतरली. खाली डावीकडे लाकडी दार, उजवीकडे काचेचं. ती उजवीकडे वळली आणि तिने खिटी काढली.

पायऱ्या नव्हत्याच. तिन्ही मिळून एक गोलसर पांढरा उतार झाला होता. रस्ता नव्हता, कडेच्या मोटारींची गाठोडी झाली होती, तारेवर बोटभर जाडीचा पांढरा दोर बसला होता. आणि आवाज नव्हता. पत्रात खरं लिहिलं होतं. दारापुढच्या त्या पांढऱ्यावर कुणाचंही पाऊल पडलेलं नव्हतं, पाखराचंसुद्धा नाही. तिने पहिलं पाऊल टाकलं, बूट घोट्यापर्यंत आत गेला आणि खालून मिठाच्या पोत्यावर पाय द्यावा तसा करकर आवाज आला. तिने दुसरं टाकलं. मग ती रस्त्याच्या कडेपर्यंत गेली, परत आली, आपलीच पावलं मोडायला नको म्हणून बाजूने पुन्हा गेली. चेहरा वर केला. कपाळावर, पापण्यांवर ते कण बसत आणि विरून जात. तिने ओंजळभर उचलून तोंडात टाकला, कशाचीच चव नव्हती, दातांत मात्र कळ मारून गेली. "ना चुना, ना मीठ," ती चिंधूला म्हणाली. एकटीच होती म्हणून मोठ्याने म्हणाली. मग तिने एक गोळा वळला आणि पार्वताबाईचं नाव घेऊन समोरच्या दिव्याच्या खांबावर असा नेम धरून मारला की तो फुटून चहूकडे उडाला. पंचावन्न वर्षांची बाई हसू लागली आणि तिला हसू आवरेना.

काचेवर टकटक झाली. बार्लीणबाई खिडकीत उभी होती, प्लास्टरचा हात काचेवर आपटत. दुसऱ्या क्षणी ती झगा सावरत दारात आली आणि तिने तोंड सोडलं. पंचफुलाबाई तरी कुठे कमी होती?

"का बोंबलून राहिली? बर्फ का तुह्या बापाचा हाय? आभाडातून पडला थो!"

बार्लीणबाईने पायऱ्यांकडे बोट केलं, नको-नको असा हात हलवला, मग घराच्या कडेच्या बोळाकडे बोट केलं. "बॅक! बॅक!" हा शब्द सात आठवड्यांत इश्वरच्या तोंडून ऐकून ऐकून पंचफुलाबाईला पाठ झाला होता. ती कमरेवर हात ठेवून हललीच नाही. तेव्हा म्हातारीने दोन-तीनदा इश्वरचं नाव घेतलं, 'तुझा तो मुलगा बघ' म्हणावं तसं, आणि पुन्हा बोळाकडेच बोट रोखलं, या वेळी खाली, जमिनीवर.

पंचफुलाबाईने पाहिलं. बोळातल्या बर्फात पावलांची एक ओळ होती. ताज्या भुरभुरीने कडा बुजत आल्या होत्या, तरी तळव्याच्या चौकड्या कळत होत्या. रोज संध्याकाळी त्या बुटांचा चिखल तीच काडीने खरवडून काढायची. ती बोळात गेली. पावलं मागच्या आवारातून येत होती, कचऱ्याच्या डब्यांमधून, लाकडी दाराच्या उंबऱ्यापासून. तिथून निघून बोळातून रस्त्याला लागली होती. समोरच्या पायऱ्यांवर पाऊल का नव्हतं, हे इतका वेळ बर्फात नाचताना तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरगं सहाला गेलं होतं, बर्फ त्याआधीचा होता.

अट तिच्यासाठी होती. मग हा का मागून गेला? ती डब्यांशेजारी उभी राहिली आणि एकेक गोष्ट आठवू लागली. ती आली त्या दिवशी तिला पेटीसकट समोरच्या पायरीवर उभं करून हा बाजूने कुठेसा गेला होता आणि आतून दार उघडलं होतं. तिला वाटलं, इकडची रीत असेल. तिला फिरायला नेई तो रविवारीच, म्हातारी चर्चला गेल्यावर. 'म्हातारी उठाच्या आंधी टाक.' आणि त्या साऱ्या मोडलेल्या सोयरिकी. बायको आणायची ती कुठल्या दाराने आणायची?

भुरभुर वाढून कापसासारखे मोठमोठे पुंजके पडू लागले होते. एवढा सुंदर बर्फ तिने नंतर कधी पाहिला नाही, आणि त्या वेळी तो तिला जहरासारखा वाटला. पायांना मुंग्या येईपर्यंत ती तिथे उभी होती. परत गेली ती मात्र समोरूनच. बार्लीणबाईने दाराची खिटी लावायच्या आत ती खांद्याने दार ढकलून, गालिच्यावर बर्फाचे ढेपळे पाडत वर गेली.

संध्याकाळी साडेपाचला इश्वर वर आला. "माय, पायला का बर्फ?" असं त्याने उसन्या हौसेने विचारलं.

"कवापासून?" ती म्हणाली.

"का कवापासून?"

"मांगच्या दारानं जाऊन राहिलास थे. तुहे पाय पायले मी."

इश्वर कोट न काढताच खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याने बुटांकडे पाहिलं. "पयल्या दिवसापासून. अडुसष्टपासून. तवा कोनीच खोली देत नव्हतं. हिनं देल्ली, पन म्हने समोरून येऊ नको, शेजारचे नावं ठेवतीन. समोरच्या दाराची चाबी माह्याकडे कवाच नव्हती."

"नऊ वर्स!"

"मंग सवय झाली, माय. दार त दारच हाय. आत आल्यावर खोली तेच."

ही शेवटची वाक्यं त्याने बोलायला नको होती. तिचा हात उठला. एकोडीच्या त्या अंगणात तिच्या आईचा उठला होता तसाच, आणि ते तिचं तिलाच जाणवलं. तिने हात खाली घेतला. 

"ऊठ," ती म्हणाली. "खाली जाय. मांगून बाहीर जाय अन् समोरून ये."

"चाबी नाई म्हनलं ना."

"घंटी हाय."

"माय, थे खोली खाली कराले लावन. तू बारा दिवसानं जाशीन. मले इथंच राहाचं हाय."

"म्हनूनच," पंचफुलाबाई म्हणाली. "मी जातो. तुले राहाचं हाय."

तो उठेना. चिडून काहीबाही बोलला, तुझ्या भांडणांनी बापाला सुखाचा घास लागू दिला नाहीस, मलाही देऊ नकोस, असंही बोलला. ती ऐकून घेत होती. तिने शेगडीपाशी जाऊन त्याच्या ताटावर झाकण ठेवलं. शेवटी तो धाडधाड जिना उतरला. मागचं दार उघडून आपटलं.

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. तो तसाच कुठेतरी निघून गेला असावा, असं तिला वाटलं. मग घंटी वाजली. बार्लीणबाई सपाता ओढत आली, तिने साखळी न काढता दार बोटभर उघडलं, कोण आहे पाहिलं, 'बॅक' म्हणाली आणि दार लावलं. पंचफुलाबाईला वाटलं, उठावं, खाली जावं, म्हातारीला बाजूला सारून दार सताड उघडावं. तिला ते सहज जमलं असतं. ती पदर मुठीत धरून बसून राहिली. पुन्हा घंटी वाजली. इश्वर बाहेरून काहीतरी बोलला, इंग्रजीत, मोठ्याने नाही. म्हातारी ओरडली. आणि मग घंटी वाजली ती थांबेचना. त्याने बटणावर बोट ठेवलं ते काढलंच नाही. समोरच्या घरात दिवा लागला, कुणीतरी खिडकी वर करून काय झालं म्हणून विचारलं. बार्लीणबाईने शिव्या देत साखळी काढली.

इश्वर वर आला. डोक्यावर, खांद्यावर बर्फ होता. आईकडे न पाहता तो तिला ओलांडून खोलीत गेला आणि त्याने कडी लावली. ताट तसंच राहिलं.

तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दाराखालून कागद आला होता, महिनाभरात खोल्या सोडा असं त्यात लिहिलेलं असावं. तो वाचून त्याने खिशात घातला आणि तिने विचारलं नाही. रोज पहाटे ती जिन्याकडे कान लावून बसे, आणि रोज खाली लाकडी दार हळूच लागे, बर्फात चोराने जावं तसं. आपण पोराचं घर मोडलं आणि हाती काहीच लागलं नाही, असं तिला वाटू लागलं होतं.

चौथ्या दिवशी सहाला तो जिना उतरला. खाली क्षणभर पावलं थांबली. आणि काचेचं दार असं आपटलं की वर मांडणीतल्या कपबशा खुळखुळल्या, खाली मांजर किंचाळलं आणि बार्लीणबाई अंथरुणातूनच ओरडू लागली. पंचफुलाबाईने स्वतःसाठी कपभर चहा टाकला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत तो बसून प्याली.